हवेतलं शिसं, कॅडमियम आणि ‘सर्व घटक मर्यादेत’ हा शेरा

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. काळजी करण्यासारखं आहे. घाबरून घर सोडण्यासारखं नाही. आणि अहवालाखाली जो शेरा आहे, ‘सर्व घटक मर्यादेत’, तो त्या आकड्यांवरून देताच येत नाही.

इतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात मांडतो. घराच्या एका बाजूला वर्दळीचा रस्ता, दुसऱ्या बाजूला थोड्या अंतरावर लहान कारखान्यांची पट्टी. रात्री कधीकधी जळकट वास येतो. रहिवाशांनी वर्गणी काढून एका प्रयोगशाळेकडून गच्चीवर २४ तासांचा हवेचा नमुना घेऊन घेतला. पीएम १०, म्हणजे १० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक धूळ, आलं घनमीटरमागे ८२ मायक्रोग्रॅम. त्यात शिसं ०.३१ मायक्रोग्रॅम, कॅडमियम ९ नॅनोग्रॅम, निकेल १४ नॅनोग्रॅम, एकूण क्रोमियम २२ नॅनोग्रॅम, आणि आर्सेनिक ‘आढळलं नाही, शोधमर्यादा १० नॅनोग्रॅम’. घरात तीन वर्षांचं मूल आहे. विचारलंय की यावर विश्वास ठेवावा का, हवा मोजायचं छोटं यंत्र घ्यावं का, आणि मुलाचं रक्त तपासावं का.

मी २२ वर्षं हेच काम करतो: फिल्टर लावणं, काढणं, विरघळवणं आणि त्यात कोणता धातू किती आहे ते मोजणं. त्या अनुभवावर सांगतो की हा अहवाल वाईट नाही. आकडे विश्वासार्ह वाटतात. गडबड आहे ती वाचण्यात.

पहिली गोष्ट, धातूंच्या बहुतेक मर्यादा वर्षाच्या सरासरीसाठी असतात. युरोपीय संघाच्या आजवरच्या मर्यादा पाहा: शिसं ०.५ मायक्रोग्रॅम, आर्सेनिक ६ नॅनोग्रॅम, कॅडमियम ५, निकेल २०. हे सगळे वर्षभराच्या सरासरीचे आकडे. एका दिवसाचा नमुना त्यांच्या शेजारी ठेवून ‘मर्यादेत’ म्हणणं म्हणजे महिन्यातल्या एका दिवसाच्या खर्चावरून वर्षाचा हिशेब मांडणं. दुसरी गोष्ट, तुमचं कॅडमियम ९ आहे. ते ५च्या वर आहे हे उघड दिसतंय, मग शेरा कसा काय आला? बहुधा असं झालं असावं की प्रयोगशाळेने ज्या देशाची मानकं धरली त्यांत कॅडमियम नाहीच. भारताच्या २००९च्या मानकांत धातूंपैकी शिसं, आर्सेनिक आणि निकेल एवढेच आहेत. यादीत नाव नसलेला धातू मर्यादा ओलांडूच शकत नाही, एवढाच त्या शेऱ्याचा अर्थ.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. आर्सेनिकची मर्यादा ६ नॅनोग्रॅम आणि यांची शोधमर्यादा १०. म्हणजे हवेत मर्यादेच्या दीडपट आर्सेनिक असतं तरी यांच्या पद्धतीला ते दिसलं नसतं. अशा वेळी ‘आढळलं नाही’ हे उत्तरच नव्हे. कोणताही अहवाल हातात आला की ‘आढळलं नाही’ या शब्दांशेजारी शोधमर्यादा शोधा. ती मानकाच्या फार तर एक तृतीयांश असायला हवी. लिहिलेलीच नसेल तर विचारा.

आणि शिशाबद्दल. अमेरिकेत १९७८ पासून शिशाची मर्यादा १.५ मायक्रोग्रॅम होती. २००८ मध्ये ती एकदम दहापट कमी करून ०.१५ केली, तीन महिन्यांच्या सरासरीवर. कारण मधल्या तीस वर्षांत एक गोष्ट पक्की होत गेली: मुलांच्या मेंदूसाठी शिशाची अशी कोणतीही पातळी सापडलेली नाही की जिच्याखाली ते निर्धोक म्हणता येईल. तुमचं ०.३१ एका मानकाने आत आणि दुसऱ्याने दुप्पट बाहेर आहे. त्यामुळे ‘मर्यादेत की बाहेर’ या प्रश्नाला मी फार किंमत देत नाही. त्याऐवजी एक साधा भागाकार करून पाहतो, तो तुम्हीही करा.

धातूच्या आकड्याला एकूण धुळीच्या आकड्याने भागायचं. ०.३१ भागिले ८२, म्हणजे तुमच्या गच्चीवरच्या धुळीत वजनाने ०.३८ टक्के शिसं आहे. किलोमागे साधारण ३,८०० मिलिग्रॅम. जमिनीच्या वरच्या थरातल्या खडक-मातीत शिसं असतं किलोमागे १७ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे सव्वादोनशे पट. कॅडमियमचा हिशेब केला (हजार नॅनोग्रॅम म्हणजे एक मायक्रोग्रॅम) तर किलोमागे ११० मिलिग्रॅम येतं. मातीत ते ०.१च्या जवळपास असतं. हजारपट! आता निकेल आणि क्रोमियम करून पाहा. ते मातीच्या मानाने तीन-चार पटच भरतात, आणि तेवढं कुठल्याही शहराच्या रस्त्यावर मिळतं.

म्हणजे सगळेच धातू सारखे वाढलेले नाहीत. दोनच वाढलेत, आणि ते जबरदस्त वाढलेत. वाऱ्याने उडालेली माती असं करत नाही. शास्त्रात हाच हिशेब जरा काटेकोरपणे करतात: ॲल्युमिनियम हा मातीचा खूणधातू धरून त्याच्याशी प्रत्येक धातूचं प्रमाण काढतात आणि मातीतल्या प्रमाणाशी ताडून पाहतात. त्याला समृद्धी गुणांक म्हणतात. दहाच्या आत असेल तर साधारणपणे मातीतून आलंय असं मानतात, शंभराच्या वर गेलं की माणसाचा हात. तुमच्या अहवालात ॲल्युमिनियम मोजलेलं नाही, म्हणून मी साधा भागाकार केला. पण इतका फरक असताना निष्कर्ष बदलणार नाही.

एक तुलना सांगतो, म्हणजे आकडा किती मोठा आहे ते लक्षात येईल. आमच्या प्रयोगशाळांत एक प्रमाणित धूळ वापरतात, आपली पद्धत बरोबर चालतेय का ते ताडून पाहण्यासाठी. ती अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात १९७६-७७ च्या सुमारास वर्षभर गोळा केलेली खरी शहरी धूळ आहे. त्या काळात तिथे गाड्या शिसेयुक्त पेट्रोलवर धावत होत्या. तिच्यात शिसं आहे ०.६५५ टक्के आणि कॅडमियम किलोमागे ७५ मिलिग्रॅमच्या जवळ. तुमच्या गच्चीवरची धूळ शिशाच्या बाबतीत त्या काळाच्या निम्म्याहून पुढे आहे आणि कॅडमियमच्या बाबतीत त्याच्याही वर. गाड्यांसाठीचं शिसेयुक्त पेट्रोल तर आता जगात कुठेच अधिकृतपणे विकलं जात नाही. शेवटचा देश अल्जीरिया, तिथे जुलै २०२१ मध्ये ते थांबलं. मग हे शिसं कुठून आलं, हा खरा प्रश्न आहे.

हवेत धातू दोन वाटांनी येतो. एक वाट घासण्याची: ब्रेक, टायर, रस्ता, कटिंग, ग्राइंडिंग. अशाने निघणारे कण बहुतेक जाडसर असतात, नाका-घशात अडकतात, लवकर खाली बसतात. दुसरी वाट आगीची. कॅडमियम ७६७ अंश सेल्सिअसला उकळतं, जस्त ९०७ अंशांना. भट्टीत किंवा पेटत्या कचऱ्यात त्यांची चक्क वाफ होते. शिसं उकळायला बरंच जास्त तापमान लागतं, पण क्लोरीन असलेलं प्लास्टिक बरोबर जळत असेल तर शिशाचं क्लोराइड होऊन तेही सहज उडून जातं. धूर निवला की ही वाफ जवळच्या कणांवर बसते. सगळ्यात जास्त पृष्ठभाग असतो बारीक कणांचा, म्हणून धातूही त्यांच्यावरच जास्त साठतो, आणि साठतो तो वरच्या थरात, आतल्या गाभ्यात नव्हे. फुप्फुसात खोलवर पोचणारे कण नेमके हेच.

प्रत्येक उगमाच्या धातूंचा एक संच असतो. तांबं, अँटिमनी आणि बेरियम एकत्र वाढले तर ब्रेक. जस्त एकटंच असेल तर टायरचा संशय घ्यायचा. व्हॅनेडियम आणि निकेल जोडीने आले की जड इंधन तेल, म्हणजे जहाजं किंवा जुने बॉयलर; पण २०२० पासून जहाजांच्या इंधनातला गंधक ०.५ टक्क्यावर आणल्यानंतर व्हॅनेडियमची ही खूण बरीच फिकी पडली आहे. आर्सेनिक आणि सेलेनियम म्हणजे दगडी कोळसा. मँगेनीज, लोह आणि जस्त म्हणजे पोलाद. फटाक्यांत बेरियम, स्ट्रॉन्शियम, पोटॅशियम असतं, ते एक-दोन दिवसांत चढून उतरतं. शिसं आणि अँटिमनी म्हणजे जुन्या बॅटऱ्या फोडून वितळवणं. शिसं, कॅडमियम, जस्त आणि वर भरपूर क्लोराइड असेल तर केबल किंवा मिश्र कचरा जाळणं.

तुमच्या अहवालात शिसं आणि कॅडमियम आहे, बाकी खुणा मोजलेल्याच नाहीत. म्हणून नवा नमुना घेण्याआधी प्रयोगशाळेला फोन करा आणि विचारा की फिल्टरचा उरलेला तुकडा आणि विरघळवलेलं द्रावण जपून ठेवलंय का. चांगल्या प्रयोगशाळा अर्धा फिल्टर ठेवतात. असेल तर त्याच द्रावणातून अँटिमनी, जस्त, तांबं, बेरियम, ॲल्युमिनियम, मँगेनीज, व्हॅनेडियम आणि सेलेनियम मोजून मागा. आयसीपी-एमएस यंत्र असेल तर हे सगळं एकाच फेरीत येतं, ज्यादा काम जवळजवळ नाहीच. क्लोराइडसाठी मात्र वेगळा तुकडा पाण्यात भिजवावा लागतो. अँटिमनी वर आलं तर बॅटरी, क्लोराइड आणि जस्त वर आलं तर जाळणं, असा रस्ता पुष्कळ स्पष्ट होईल. रस्त्यावरच्या वाहतुकीवर माझा संशय कमी आहे. ब्रेकमधून शिसं आणि कॅडमियम या प्रमाणात येत नाही.

इथे कुणी म्हणेल, एकूण धूळ तर फारशी नाही, ८२च आहे, मग एवढा खल कशाला? याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात बोलकं उत्तर अमेरिकेतल्या युटा खोऱ्यातलं आहे. तिथला पोलाद कारखाना कामगारांच्या वादामुळे ऑगस्ट १९८६ ते सप्टेंबर १९८७ असा तेरा महिने बंद होता. आर्डेन पोप या संशोधकाने इस्पितळांची नोंद तपासली. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनाच्या आजारांनी भरती होणारी मुलं, बंद असलेल्या हिवाळ्याच्या दोन-तीन पट होती. यावर आक्षेप निघाले. हवामान वेगळं असेल, विषाणूची साथ असेल. पण त्या वर्षांचे फिल्टर कुणीतरी जपून ठेवले होते. पुढे संशोधकांनी बंदच्या आधीचे, बंदच्या काळातले आणि नंतरचे फिल्टर घेतले, त्यांचा पाण्यातला अर्क काढला आणि तिन्हींचा सारख्याच वजनाचा डोस निरोगी स्वयंसेवकांच्या फुप्फुसाच्या छोट्या भागात सोडला. कारखाना चालू असतानाच्या अर्काने दाह झाला. बंदच्या काळातल्या अर्काने फारच कमी. वजन तेच! फरक होता तो अर्कात उतरलेल्या लोह, तांबं, जस्त अशा धातूंचा. मी नवीन मुलांना शिकवताना ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगतो, आणि फिल्टर कधीच फेकू नका हेही.

असं का होतं? लोह, तांबं, मँगेनीज, व्हॅनेडियम यांसारखे धातू इलेक्ट्रॉनची देवघेव करत राहतात. फुप्फुसाच्या ओलाव्यात विरघळले की ते ऑक्सिजनपासून आक्रमक रेणू तयार करतात, आणि स्वतः खर्ची न पडता पुन्हा तेच करतात. शिसं आणि कॅडमियमची चाल वेगळी. ते तिथे थांबत नाहीत, रक्तात जातात. शिशाला शरीर कॅल्शियम समजून हाडांत भरतं. रक्तात ते महिनाभरात निम्मं होतं, हाडांत दशकानुदशकं राहतं. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि ते निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात. कर्करोगाच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, आर्सेनिक, कॅडमियम, षड्संयुजी क्रोमियम आणि निकेलची संयुगं पहिल्या गटात टाकली आहेत, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध; २०१३ पासून बाहेरच्या हवेतले कणही त्याच गटात आहेत. अजैविक शिसं एक पायरी खाली, ‘बहुधा करतं’ या गटात.

पण यात एक मेख आहे. आम्ही फिल्टर तीव्र आम्लात शिजवतो आणि एकूण धातू मोजतो. फुप्फुसात असं तीव्र आम्ल नाही. तिथल्या द्रवाचा सामू (पीएच) ७.४ च्या आसपास, आणि कण गिळणाऱ्या पेशीच्या पोटात तो ४.५ पर्यंत उतरतो. तिथे किती धातू सुटतो हे तो कोणत्या रूपात आहे यावर अवलंबून. खडकाच्या कणात अडकलेलं क्रोमियम जवळजवळ सुटतच नाही. धुरातून बसलेलं कॅडमियम मात्र मोठ्या प्रमाणात सुटतं. त्यामुळे मी तुमच्या क्रोमियमच्या २२वर काहीच ठाम बोलणार नाही. एकूण क्रोमियमचा आकडा एकटा जवळपास निरर्थक असतो. त्रिसंयुजी रूप फारसं त्रासदायक नाही, षड्संयुजी घातक. आणि साध्या फिल्टरवर ही रूपं आपापसांत बदलतात. ते वेगळं मोजायचं तर सोडियम बायकार्बोनेटचा लेप दिलेला फिल्टर लागतो, तो थंडीत ठेवून लवकर तपासावा लागतो. जवळपास क्रोम प्लेटिंगचं काम चालत असेल तरच तो खटाटोप करा. नसेल तर सोडून द्या.

नमुना घेण्यातल्या चुकांबद्दल मला मनापासून बोलायचंय, कारण वादाच्या वेळी समोरचा पक्ष नेमकं इथेच बोट ठेवतो. मोठ्या सँपलरमधून, म्हणजे फिल्टरमधून हवा ओढणाऱ्या यंत्रातून, मिनिटाला १.१ घनमीटरच्या आसपास हवा जाते, दिवसात १,६०० घनमीटर. छोट्यातून मिनिटाला १६.७ लिटर, म्हणजे दिवसाला २४ घनमीटर. छोट्या सँपलरच्या फिल्टरवर तुमच्या कॅडमियमचे जेमतेम २०० नॅनोग्रॅम जमा झाले असतील. एवढ्याशा मोजणीत कोऱ्या फिल्टरमधलाच धातू मिसळला तर आकडा फुकट. म्हणून ‘फील्ड ब्लँक’ हवा: एक फिल्टर तसाच गच्चीवर न्यायचा, यंत्रात बसवायचा, हवा न ओढता काढायचा आणि बाकीच्यांबरोबर तपासायचा. काचतंतूचे फिल्टर धातूंसाठी टाळावेत. त्यांत मुळातच बेरियम आणि जस्त असतं. टेफ्लॉन किंवा चांगला क्वार्ट्झ बरा.

सुरुवातीच्या वर्षांत आम्हाला एका ठिकाणी रोज तांबं भरपूर मिळत होतं. आम्ही महिनाभर आसपास तांब्याचा कारखाना शोधत हिंडलो. शेवटी कळलं की सँपलरच्या मोटरचे ब्रश घासून तांब्याची भुकटी निघत होती आणि बाहेर पडलेली हवा फिरून परत आत ओढली जात होती. एक लांब नळी लावून ती हवा दूर सोडली आणि तांबं गायब झालं. त्या महिन्याची सगळी मेहनत वाया गेली याची खंत अजून आहे. तेव्हापासून तांब्याचा चढा आकडा दिसला की मी आधी यंत्राची मोटर पाहतो, मग रस्ता.

प्रयोगशाळेतही दोन जागा तपासा. नुसत्या नायट्रिक आम्लाने शिसं आणि कॅडमियम चांगलं निघतं, पण क्रोमियम आणि ॲल्युमिनियम मातीच्या कणात अडकून राहतं. ते सोडवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं असेल तर यंत्रातला आर्गॉन त्यातल्या क्लोरीनशी जोडी करून बरोबर ७५ या वस्तुमानावर येतो, आणि आर्सेनिकचं वस्तुमानही ७५च. नसलेलं आर्सेनिक दिसू लागतं. ही खोटी जोडी गाळणारी हेलियमची ‘कोलिजन सेल’ वापरली का, आणि प्रमाणित धुळीत किती टक्के परतावा मिळाला, म्हणजे माहीत असलेल्या आकड्याच्या किती टक्के मोजता आलं, एवढे दोन प्रश्न विचारा. शिशाचा परतावा ९० ते ११० टक्क्यांत असेल तर त्या हातावर विश्वास ठेवा. हे विचारल्यावर ज्या प्रयोगशाळेला राग येतो, तिथे पुन्हा नमुना देऊ नका.

पुढचा नमुना कसा घ्यायचा? तोच २४ तासांचा खेळ पुन्हा नको. वास रात्री येतो ना, मग दिवसाचे १२ तास आणि रात्रीचे १२ तास वेगळे फिल्टर लावा, निदान सात दिवस. गच्चीवर वाऱ्याची दिशा नोंदवणारं साधं यंत्र ठेवा. कारखान्यांच्या पट्टीकडून वारा असलेल्या रात्री शिसं-कॅडमियम उसळतं आणि उलट वाऱ्याच्या रात्री बसतं, एवढं दिसलं की तुमच्या हातात पुरावा आला. शक्य असेल तर पीएम १० ऐवजी पीएम २.५ घ्या किंवा दोन्ही. धातूचा बहुतेक भाग बारीक कणांत निघाला तर आगीचा उगम जवळजवळ नक्की.

पैसे कमी असतील तर शेवाळ. हे गमतीने सांगत नाही. शेवाळाला मुळं नसतात, ते पाणी आणि क्षार हवेतूनच घेतं, त्यामुळे झाडाच्या खोडावरचं शेवाळ महिनोन्‌महिने हवेतला धातू साठवत बसतं. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये वनखात्याच्या संशोधकांनी शहरभरच्या झाडांवरून ३००हून जास्त नमुने घेतले आणि धातूंचा नकाशा काढला. कॅडमियमचे ठळक डाग दिसले ते रंगीत काच बनवणाऱ्या दोन कारखान्यांभोवती. पिवळ्या-लाल काचेला रंग येतो कॅडमियमच्या संयुगांनी. २०१६ मध्ये हे जाहीर झालं आणि तिथल्या हवेवर लगेच नियम आले. तोवर त्या कारखान्यांकडे कुणी फारसं संशयाने पाहिलं नव्हतं. शेवाळाने ‘घनमीटरमागे किती’ हे कळत नाही, पण ‘कुठे’ हे फार स्वस्तात कळतं. शेवाळ नसेल तर खिडक्यांच्या चौकटींवरची धूळ ठरावीक क्षेत्रफळावरून ओल्या पुसणीने टिपून तपासा. कारखान्यांकडच्या आणि विरुद्ध बाजूच्या दोन्ही.

जमीनही विसरू नका. शिसं खाली बसतं, नाहीसं होत नाही. लंडनच्या हवेतल्या कणांतल्या शिशाचं समस्थानिक प्रमाण (एकाच धातूच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं प्रमाण) तपासून २०२१ मध्ये संशोधकांनी दाखवलं की त्यातलं ४० टक्क्यांपर्यंत शिसं अजूनही जुन्या पेट्रोलमधलं आहे; विक्री थांबून वीस वर्षं उलटली तरी. माती सुकते, गाड्या जातात, तेच शिसं पुन्हा उडतं. तुमच्याकडचं अंगण, खेळायची जागा, तिथली माती जरूर तपासा, कारण तीन वर्षांच्या मुलाची मुख्य वाट नाक नव्हे, हात आणि तोंड आहे.

आता मुलाबद्दल. रक्तातलं शिसं तपासा, आणि आताच तपासा. बोटाच्या टोकाला टोचून घेतलेला थेंब चाळणीपुरता ठीक. त्वचेवरच्या धुळीनेही तो चढू शकतो, म्हणून चढा आला तर शिरेतून घेतलेल्या रक्ताने खात्री करा. अमेरिकेत डेसीलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅमला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यात ५ मायक्रोग्रॅमला उगम शोधायला सांगतात. हा विषबाधेचा आकडा नाही, शोध सुरू करण्याचा आकडा आहे. शिसं बाहेर काढणारी औषधं मुलांना साधारण ४५च्या वर, इस्पितळात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. त्याखाली उपचार एकच, उगम तोडणं. ‘शरीरशुद्धी’ची कोणतीही पावडर किंवा गोळी मुलाला देऊ नका, आणि औषध देऊन मग लघवीतले धातू मोजणारी चाचणी करून घेऊ नका, तिच्यात आकडा कुणाचाही चढतो आणि घरचे उगाच खचतात. त्याऐवजी लोह आणि कॅल्शियम तपासा. या दोहोंची कमतरता असलेलं मूल आतड्यातून जास्त शिसं शोषून घेतं, आणि ती कमतरता भरून काढणं तुमच्या हातात आहे. कॅडमियमसाठी मुलाची चाचणी आत्ता नको. तो दीर्घकाळाचा हिशेब आहे.

घरात झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. खिडकीच्या चौकटी आधी. चपला दाराबाहेर. जेवण्याआधी मुलाचे हात साबणाने. घरात कुणी वेल्डिंग, बॅटरी, भंगाराच्या कामावर जात असेल तर कामाचे कपडे घरात येऊ देऊ नका आणि वेगळे धुवा. हवेचा उगम शोधताना अनेकदा मला उगम कपड्यांच्या गाठोड्यात सापडला आहे. जुना रंग खरवडून काढत असाल तर काम थांबवून आधी रंग तपासा. हेपा फिल्टरचं यंत्र मुलाच्या झोपायच्या खोलीत जरूर उपयोगी पडतं. धातू कणांवर बसूनच येतो, कण अडला की तोही अडतो. वास येणाऱ्या रात्री खिडक्या बंद ठेवा आणि यंत्र चालू.

हवा मोजायचं छोटं यंत्र घ्या, पण त्याच्याकडून काय मागायचं ते समजून घ्या. त्यात प्रकाशाचा किरण कणांवर पडून विखुरतो, त्यावरून वजनाचा अंदाज काढतात. त्याला मिठाचा कण आणि शिशाचा कण सारखेच. म्हणून ‘हिरवा’ दिसला म्हणजे धातू नाही, असं अजिबात नाही. उपयोग वेगळाच आहे: ते मिनिटामिनिटाला नोंद करतं. दर रात्री दोन ते चारच्या मध्ये उसळी येते असं महिनाभर दिसलं, तर सँपलर नेमका तेव्हा लावता येईल आणि तक्रारीत वेळ लिहिता येईल.

तक्रार करताना ‘आमच्याकडे प्रदूषण आहे’ असं लिहू नका. धुळीत शिसं ०.३८ टक्के, मातीच्या सव्वादोनशे पट, कॅडमियम ९ नॅनोग्रॅम, आर्सेनिकचा निकाल शोधमर्यादेमुळे ग्राह्य नाही, वाऱ्याची दिशा अमुक, वेळ अमुक, असं लिहा. आणि ठामपणे मागा की पट्टीतल्या प्रत्येक भट्टीची, ती काय वितळवते आणि धूर गाळायची पिशवी-गाळणी आहे का याची तपासणी व्हावी. शिशाच्या भट्टीवर चांगली पिशवी-गाळणी आणि तिच्या आधी धूर पुरेसा थंड करण्याची सोय असेल तर वाफ कणांवर बसून अडते. धूर गरमच सोडला तर गाळणी असूनही कॅडमियम पार निघून जातं. तपासणीला येणाऱ्याला गाळणीजवळचं तापमान विचारा. बरेच जण ते पाहतच नाहीत.

जपलेल्या फिल्टरचे आणि द्रावणाचे नवे आकडे आले की अँटिमनी, जस्त आणि क्लोराइड एवढे तीन मला कळवा. त्यांवरून बॅटरी की केबल हे बहुतेक सांगता येईल.